उधव्याच्या चढणीवरचं मिसिंग

माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आजही नाही. तुमच्या पानावरच्या हकिकती नात मला दाखवते. त्यात कायम अमावास्या असते, पिंपळ असतो, कुठेतरी पैंजण वाजतात. माझ्या हकिकतीत यातलं काही नाही. सकाळचं ऊन आहे, जुनी व्हॅन आहे आणि खाऱ्या मासळीचा वास आहे. वासाचं वावडं असेल त्यांनी इथेच थांबावं.

मी चिंचणीची. शिक्षण चौथी पास. हे नातीने टाईप केलंय, पण शब्द माझे. तिने मध्येच "अंगावर काटा आला" असं घातलं होतं, ते मी काढायला लावलं. माझ्या अंगावर काटा आला नव्हता. मला राग आला होता, आणि तो अजून आहे.

आमचा धंदा सुक्या मासळीचा. बोंबील, सुकट, खारा मासा. इथे घ्यायचा, वाळवायचा आणि तलासरी-उधव्याच्या बाजारात नेऊन विकायचा. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा, यमुनेचा. माझा दीर लवकर गेला. यमुनेला मूलबाळ नाही. तेव्हापासून ती आमच्याच घरात, माझ्या शेजारच्या खोलीत. आमची चूल एक, धंदा एक. चाळीस वर्षं तरी झाली असतील. माझ्या नवऱ्याबरोबर मी एवढं बोलले नाही जेवढं यमुनेबरोबर बोलले.

व्हॅन माझ्या नवऱ्याने घेतली होती, जुनीच. पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची, पांढरी. पुढे साखरेने त्याची नजर गेली. ड्रायव्हर ठेवून बघितला तर तो मासळीच्या वासाला नाकं मुरडायचा. मग मी म्हटलं, खड्ड्यात गेला ड्रायव्हर. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले आणि रीतसर लायसन काढलं. गावात हसले लोक. एक म्हातारा म्हणाला, "आता बायका होडीचं सुकाणूपण धरतील." म्हटलं, "तुम्ही दारू पिऊन झोपल्यावर कोण धरतं मग?" त्यानंतर हसणं कमी झालं.

सांगायचं ते एवढ्यासाठी, की गाडी माझ्या हाताला माहीत होती. नवरा गेल्यावर मी तिच्याच जोरावर कुणापुढे हात पसरला नाही. तिची किल्ली माझ्या कमरेला असायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरला होता, मासळी वाळायला बरं ऊन पडत होतं. बाजाराचा दिवस. गाडी भरली, मी आणि यमुना निघालो. चारोटीला हायवे लागला. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या फाट्याशी यमुनेने नेहमीसारखे हात जोडले, मी नेहमीसारखे नाही जोडले, माझे हात स्टिअरिंगवर असतात. तलासरी आली. तिथून उधव्याच्या रस्त्याला लागलं की पुढे एक ओहोळ आहे, त्यावर लहानसा पूल. पूल ओलांडला की लांब चढण. नेमकी जागा लिहीत नाही, तिथल्या पाड्यातल्या लोकांना उगाच त्रास नको.

पूल ओलांडला आणि गाडी मिसिंग मारायला लागली.

ज्यांनी जुनी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन सिलिंडर म्हणजे तीन ठोके. ते एकापाठोपाठ एक पडतात तेव्हा कानाला एकच आवाज लागतो. त्यातला एक पडला नाही की गाडी लंगडते. धक, धक... आणि मध्ये मोकळी जागा. धक, धक... मोकळी जागा. सीट थरथरते, जोर जातो. या व्हॅनचं इंजिन तर ड्रायव्हरच्या सीटखालीच असतं, त्यामुळे बुडालाच कळतं.

मी गिअर खाली घेतला. तशीच लंगडत चढली. चढण संपते तिथे, डाव्या हाताला, एकदम साफ झाली. जणू काही झालंच नव्हतं.

"प्लग असेल," मी म्हटलं.

"असेल," यमुना म्हणाली. ती बाहेर बघत होती.

परत येताना काही नाही. घरी येईपर्यंत गाडी शिवणाच्या मशीनसारखी चालली. पुढच्या बाजाराला तिथेच, तसंच. पूल ओलांडला की सुरू, चढण संपली की बंद.

डहाणूला आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे, हसमुखभाई. गुजराती माणूस, तोंडात तंबाखू आणि अर्धं मराठी. सीट उचलून त्याने आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मासी, आ शुं! तुम्ही गाडीचं लोणचं घातलं की!"

खोटं नव्हतं. खाऱ्या माशाच्या पाट्या मागे असतात, त्यांचं पाणी झिरपून पुढे येतं. प्लगच्या वायरींवर पांढरं मीठ चढलं होतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत हिरवट बुरशीसारखं काहीतरी होतं. हसमुखभाई म्हणाला, मिठाच्या ओलीने करंट भलतीकडे पळतो, प्लगपर्यंत जात नाही. चढणीवर इंजिनाला जोर लागतो म्हणून तिथेच कळतं. मला पटलं. आजही सांगते, असं कुणाच्या गाडीचं होत असेल तर आधी हेच बघा, देव नंतर.

त्याने वायरी बदलल्या, टोपी बदलली, प्लग नवे टाकले. गाडी चालू ठेवून एकेक प्लगची वायर काढून दाखवली. वायर काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काढूनही काही फरक पडला नाही तर तोच मेलेला. तिन्ही वेळा आवाज पडला. तिन्ही जिवंत. मी मागे प्लास्टिक अंथरलं, पाट्यांखाली भुसा घातला.

पुढचा बाजार. पूल ओलांडला. धक, धक... मोकळी जागा.

मग कॉइल बदलली. कार्बोरेटर धुतला. पेट्रोलची टाकी रिकामी करून साफ केली. हसमुखभाईला मी गाडीत घालून त्या चढणीवर नेलं, मागे तेवढाच माल भरून. गाडी सरळ चढली. एक ठोका चुकला नाही.

"मासी, गाडी मारी सामे शरमाय छे," तो म्हणाला आणि हसला. माझ्यासमोर लाजते म्हणे. मला हसू आलं नाही.

त्याच्या पुढच्या बाजाराला यमुना बोलली. हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे. आधी ती बोलली. मी नाही.

गाडी चढणीवर लंगडत होती. मी शिव्या घालत होते. यमुनेने माझ्या दंडाला हात लावला.

"बाय, ऐकलंस?"

"मिसिंग ना? बहिरी नाही मी."

"मिसिंग नाही. मधल्या जागेत. ठोका पडत नाही तिथे."

"तिथे काय ऐकायचं? तिथे काही नाहीच, म्हणून तर मिसिंग."

"'हुं' असं ऐकू येतं," ती म्हणाली. "आये चढतेय."

आये म्हणजे आमची सासू. तिला जाऊन तेव्हाच पुष्कळ वर्षं झाली होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही दोघी नव्या सुना होतो तेव्हा गाडी नव्हती. एसटीने तलासरीला उतरायचं आणि तिथून पाड्यांवर पायी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. मासळी द्यायची, बदल्यात भात घ्यायचा. पुढे मी, मध्ये यमुना, मागे सासू. ती मुद्दाम मागे चालायची, आमच्या पाट्यांवर नजर ठेवायला. या चढणीवर बोलायचं नाही असा तिचा नियम होता, श्वास पुरत नाही म्हणून. ती स्वतः दोन पावलं टाकायची आणि "हुं" करायची. दोन पावलं, हुं. दोन पावलं, हुं. पुढे चालणाऱ्या मला मागे न बघता कळायचं ती कुठे आहे ते. चढण संपते तिथे डाव्या हाताला छातीएवढा उंच दगड होता. त्यावर पाटी कुणाच्या मदतीशिवाय उतरवता यायची. उतरवायला दगड पुरतो. पण भरलेली पाटी जमिनीवरून परत डोक्यावर चढवायची तर दुसरी बाई लागतेच, एकटीने होत नाही. मला यमुना चढवायची, यमुनेला मी. सासूला आम्ही दोघी. रस्ता रुंद केला तेव्हा तो दगड फोडला. आता तिथे नुसती खडी आहे.

सासू त्या चढणीवर मेली नाही. उगाच काही जोडू नका. ती घरात, अंथरुणावर, म्हातारी होऊन गेली. शेवटच्या दिवशी पेज प्यायली आणि माझ्या हातची पेज पातळ असते म्हणून बोलली सुद्धा.

तर यमुनेला मी म्हटलं, "वेडी झालीस." पण पुढच्या बाजाराला मी काचा वर घेतल्या, मागे खडखडणारं झाकण फडक्याने बांधलं आणि कान दिला. धक, धक... हुं. धक, धक... हुं.

तो इंजिनाचा आवाज नव्हता. नाकातून सोडलेला, दात दाबून धरलेला श्वास होता. सीटच्या मागून येत होता, जिथे ती चालायची. आणि जिथे दगड होता तिथे, खडीच्या बाजूला, "हुश्श" झालं आणि गाडी साफ झाली.

मी आरशात बघितलं. मागे पाट्या होत्या. बाकी काही नाही.

"आता?" यमुना म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"आता काय, बाजार आहे ना?" मी म्हटलं. "बोंबील कोण विकणार, तुझी आये?"

पण मी विश्वास ठेवला नाही, हे पुन्हा सांगते. मी ते हसमुखभाईच्या पद्धतीने बघायचं ठरवलं. एकेक वायर काढून. आधी मी एकटीच माल घेऊन गेले. मिसिंग नाही, हुं नाही. मग यमुनेच्या जागी शेजारच्या बाईला बसवलं. काही नाही. मग यमुनेला हसमुखभाईबरोबर पाठवलं, तो कुरकुरत गेला. काही नाही. मग भरलेल्या पाट्या, आम्ही दोघी आणि बरोबर शेजारीण. काही नाही. मग मी आणि यमुना, रिकामी गाडी घेऊन. तरी काही नाही. मग आम्ही दोघी आणि भरलेल्या पाट्या...

धक, धक... हुं.

म्हणजे तिसऱ्या कुणाला दाखवायची सोयच नव्हती. तिसरं कुणी बसलं की ते व्हायचं नाही. साक्षीदार आम्ही दोघीच. मला त्याचं काही वाटलं नाही. यमुना होती ना.

एकदा मी चढणीच्या मधोमध गाडी थांबवली. बघायचं होतं की इंजिन बंद केल्यावर काय होतं. किल्ली फिरवली. सगळं शांत. बाहेर भातकापणी चालली होती, तिचा आवाज येत होता. तेवढ्यात मागून टेंपो आला आणि त्याने करकचून ब्रेक मारला. टेंपोवाला उतरून आला. म्हातारी बाई भर रस्त्यात गाडी थांबवून, बंद करून, कान देऊन बसली आहे, असं त्याला दिसलं. तो नेमका माझ्या मुलाच्या ओळखीचा निघाला.

माझा मुलगा दिनेश. तारापूरला कंपनीत आहे. वाईट नाही. पण त्याला आईचं मासळी विकणं आवडत नाही, तेही गाडी चालवत. त्याच्या कंपनीतले लोक आम्हाला बाजारात बघतात. किती दिवस तो म्हणत होता, "आई, पुरे आता." मी म्हणत होते, "तुझी पेन्शन सुरू झाली की माझंही पुरे."

टेंपोवाल्याने त्याला सांगितलं. रविवारी जेवणं झाल्यावर दिनेशने विषय काढला. घरात तो, त्याची बायको सुनीता, मी आणि यमुना. आणि त्याने हसमुखभाईलाही बोलावलं होतं, म्हणजे ठरवूनच केलं होतं सगळं.

"आई, रस्त्यात गाडी का थांबवलीस?"

मी सरळ सांगितलं. मला आडून बोलता येत नाही. मिसिंग, चढण, हुं, सगळं.

दिनेशने हसमुखभाईकडे बघितलं. हसमुखभाई तंबाखू थुंकायला दारात गेला आणि तिथूनच बोलला, "गाडीत काई नथी, दिनेशभाई. मी सगळं बदललं. मासीला वाटतं, पण गाडीत काई नथी." हे एका दृष्टीने खरंच होतं. त्याला मी दोष देत नाही.

"आई," दिनेश म्हणाला, "आजीचा आवाज येतो तुला?"

असा आवाज काढला त्याने, मऊ. लहान मुलाशी बोलतात तसा. मला तो आवाज ऐकून जास्त भीती वाटली.

"मला एकटीला नाही येत," मी म्हटलं. "यमुनेला विचार. आधी तिलाच आला."

सगळ्यांनी यमुनेकडे बघितलं. ती ताटं उचलत होती. ती खाली ठेवली. पदराला हात पुसले. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे नव्हती बघत.

"काकी, खरं सांग," दिनेश म्हणाला. "तू ऐकलंस?"

"मला नाही बाबा काही ऐकू आलं," यमुना म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"यमुने?"

"बाय म्हणते म्हणून मी हो म्हणत होते," ती दिनेशलाच म्हणाली. "वाईट वाटायला नको तिला. वय झालंय."

वय झालंय! माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान ती. पाटी उचलताना आधी तिचे गुडघे वाजतात.

मी उठले. तिच्यासमोर गेले. "तू माझा दंड धरला होतास. तू म्हणालीस आये चढतेय. तोंड पांढरं पडलं होतं तुझं. माझ्याकडे बघून सांग."

तिने बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण सांगितलं. "मी नाही बोलले असं, बाय."

सुनीता म्हणाली, "आई, बसा. बीपी वाढेल." दिनेशने हात पुढे केला. किल्लीसाठी. मी अजून विचार करते की मी ती का दिली. भांडले असते तर काय झालं असतं? पण त्या क्षणी मलाच वाटलं की... मी खरंच ऐकलं का? दोघींनी ऐकलं होतं तोवर ते होतं. एकीने नाही म्हटलं आणि दुसरीच्या कानाला किंमत राहिली नाही. मी कमरेची किल्ली काढून दिली.

गाडी बोर्डीच्या एकाने विकत नेली. चिकू वाहतो तीत. नंतर एकदा बाजारात भेटला, मी विचारलं, "मिसिंग मारते का?" म्हणाला, "नाही हो, मक्खन आहे. फक्त पाऊस पडला की बोंबलाचा वास सुटतो."

त्या रविवारनंतर मी यमुनेला एकांतात विचारलं. ती अंगणात बोंबील उलटत होती. म्हटलं, "आता इथे दिनेश नाही. मला एकटीला सांग. मी कुणाला बोलणार नाही." ती बोंबील उलटत राहिली.

"मी खरंच नाही ऐकलं, बाय."

"मग म्हणालीस का?"

"मी म्हणालेच नाही."

मी तिच्या हातातले बोंबील ओढून खाली टाकले. तिने ते वेचले, माती झटकली आणि पुन्हा लावले. त्यानंतर आम्ही बोलतो, मीठ दे, दार लाव, एवढं. तिने बाजार सोडला. मी नाही सोडला. पाटी घेऊन नाक्यापर्यंत जाते, शेअर जीप पकडते. ड्रायव्हर पाटीचं वेगळं भाडं मागतात, भांडते आणि बसते. त्या चढणीवरून कितीदा तरी गेले. काही होत नाही. मग मलाच वाटायला लागलं की दिनेशचं खरं असेल. रात्री झोप लागेना. माणूस म्हातारं होतं तेव्हा गुडघे जातात, दात जातात, त्याचं मला काही नाही. पण आपण जे ऐकलं ते ऐकलं की नाही, हे दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहावं, हे मला सोसत नव्हतं. दिनेशने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने मला वार विचारला, पंतप्रधान विचारले, उलटे आकडे म्हणायला लावले. मी म्हटले. तो म्हणाला, ठीक आहे. दिनेशला फारसं पटलं नाही.

आता शेवटचं.

यंदा वैशाखात, उधव्याच्या अलीकडच्या पाड्यात आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकणीच्या नातवाचं लग्न होतं. लखमी तिचं नाव. सासूच्या वेळेपासून ती आमच्याकडून सुकट घेते. तिने दोघींना बोलावलं, "दोघी आल्या नाहीत तर बघा" म्हणून निरोप पाठवला. दिनेशने नवी गाडी घेतली होती, तो म्हणाला मी नेतो. पुढे तो आणि सुनीता, मागे मी आणि यमुना. लग्नघरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून मी आहेरात मोठी पाटी भरून बोंबील घेतले होते. नव्या गाडीत वास नको म्हणून सुनीतेने पाटीला प्लास्टिकचे चार फेरे दिले आणि मागे डिकीत ठेवली.

सकाळची वेळ. तलासरी गेली. पूल आला. मी काही मनात धरलं नव्हतं. नवी गाडी, तिसरी-चौथी माणसं बसलेली. होणार कसं?

पूल ओलांडला आणि गाडी लंगडली.

"अरे!" दिनेश म्हणाला. समोर पिवळा दिवा लागला. "च्यायला, नवी गाडी..."

"एसी बंद करा," सुनीता म्हणाली.

त्याने एसी बंद केला. गाडीत शांत झालं. धक, धक... हुं.

मी इंजिनाकडे लक्ष दिलं नाही. मी यमुनेकडे वळून बघितलं.

ती ताठ बसली होती. मान सरळ, हनुवटी थोडी आत, नजर समोर. उजवा हात वर, डोक्याच्या बाजूला, बोटं वळलेली. पाटीची कड धरतात तशी. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ओठ मिटलेले होते आणि दोन ठोक्यांनंतर तिची छाती वर-खाली होत होती, त्या आवाजाच्या बरोबर. त्या आवाजात आपला श्वास मिळवत होती ती. चढणीवर आम्ही मिळवायचो तसा.

चढण संपली. डाव्या हाताला खडी आली. यमुनेचे दोन्ही हात वर गेले, तिने हवेतलं काहीतरी उचललं आणि डावीकडे, खिडकीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर ठेवलं. हळू. भरलेली पाटी ठेवतात तसं. "हुश्श" झालं. गाडी साफ झाली. तिने पदराने कपाळ पुसलं.

"यमुने," मी म्हटलं. मोठ्याने, दिनेशला ऐकू जाईल असं. "ऐकलंस?"

दिनेशने आरशातून मागे बघितलं. यमुनेने हात मांडीवर ठेवले.

"काय ते?" ती म्हणाली. "नाही. काही नाही ऐकलं."

"पेट्रोलमध्ये पाणी असणार," दिनेश म्हणाला. "त्या पंपावर परत भरायचंच नाही."

लग्नात आम्ही जेवलो. लखमी दोघींना मिठी मारून रडली, म्हणाली, तुम्ही दोघी एकत्र दिसलात की तुमची सासू दिसते. यमुना तिथून उठून पाणी प्यायला गेली.

दिनेशने गाडी सर्व्हिसिंगला दिली. तिथे कॉम्प्युटर लावला म्हणे. दोष काही निघाला नाही. तो येऊन म्हणाला, "होतं असं कधीकधी, नव्या गाड्यांचं." त्याला कुणी वार विचारला नाही. त्याची किल्ली कुणी मागितली नाही. दिनेशच्या गाडीने मिसिंग मारलं तर पेट्रोल खराब. माझ्या गाडीने मारलं तर मी.

मी त्याला सांगितलं नाही यमुनेच्या हातांचं. सांगून काय? साक्षीदार पुन्हा आम्ही दोघीच.

तुम्ही विचाराल, याचं कारण काय. इंजिनाचं कारण मला ठाऊक नाही. प्लग, वायर, कॉइल, टाकी, सगळं बदलून झालं, गाडीसुद्धा बदलली. आणि यमुनेचं कारणही ठाऊक नाही. लोक निरनिराळं म्हणतात. नात म्हणते, काकीआजी घाबरली. सुनीता म्हणते, तिचे गुडघे गेले होते, बाजार बंद व्हायला हवा होता तिला. मला एकदा वाटतं, माझ्यानंतर तिला दिनेशच्याच घरात जेवायचंय, म्हणून. पण मग तसं सांगायचं. मी काय खाल्लं असतं तिला? सासू मेलेली आहे, तिला विचारता येत नाही. यमुना जिवंत आहे, भिंतीपलीकडे खोकते, तिला केव्हाही विचारता येतं. तरी दोघींकडून मला तेवढंच कळलंय.

बाजाराच्या दिवशी मी अजून पाटी भरते. ती डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते. यमुना अंगणातच असते, पण मी सुनीतेला हाक मारते. तिला जमत नाही, ती एका बाजूने जास्त उचलते. थोडी सुकट दर वेळी सांडते.